वस्तू आणि व्यवहार : न दिसणारा थर

सांगली-कोल्हापूर रस्त्यावरील एखाद्या बाजारगावातले मोटारीच्या सुट्या भागांचे जुने दुकान डोळ्यांसमोर आणावे. गल्ल्यावर अण्णा बसले आहेत. शेजारी नुकताच धंद्यात आलेला मुलगा मालाची नोंद करीत आहे. सकाळची दिवाबत्ती आटोपते न आटोपते तोच एक ग्राहक आपल्या मोटारीचा पुढचा बंपर दोन्ही हातांत धरून पायरी चढतो. पांढऱ्या रंगाच्या त्या बंपरवर तळहाताएवढी काळी जागा उघडी पडलेली आहे आणि तिच्या कडेचा रंग कांद्याच्या सालीसारखा सुटत आहे.

“अण्णा, अजून पाच महिने झाले नाहीत. गाडी धुवायला दिली, तर पाण्याच्या फवाऱ्याने हा एवढा पापुद्रा उडाला. माल तुमचाच आहे ना?”

रंगारी मिस्त्रीला बोलावणे जाते. तो येतो आणि म्हणतो, “अण्णा, रंग नामांकित कंपनीचा होता. हार्डनर मापात घातला होता. बंपरच तसा असेल, तर मी काय करणार?” रंगविक्रेत्याला दूरध्वनी केला जातो. त्याचे उत्तर तयार असते. त्याच डब्यातून बॉनेटही रंगवले होते आणि बॉनेटला काही झालेले नाही. एवढ्यात मुलगा हळूच म्हणतो, “अण्णा, माल आपला असला तरी रंग आपण दिलेला नाही. आपला यात काय संबंध?”

हा प्रसंग या व्यवसायातील कुटुंबांना नवा नाही. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत आणि तरीही ग्राहकाचे पैसे बुडालेले आहेत. अशा वेळी वाद कोण जिंकतो याला फारसे महत्त्व उरत नाही. वस्तूचा स्वभाव कोणाला ठाऊक होता आणि ज्याला ठाऊक होता त्याने तो सांगितला होता का, हा खरा प्रश्न असतो.

अण्णा सुटलेला पापुद्रा उचलतात आणि उलटा करून उजेडात धरतात. त्याची खालची बाजू स्वच्छ, राखाडी आणि गुळगुळीत आहे. बंपरवरची उघडी जागा अगदी नव्यासारखी काळी आहे. प्रायमरचा कण प्लॅस्टिकवर राहिलेला नाही आणि प्लॅस्टिकचा कण प्रायमरला चिकटलेला नाही. एवढ्यावरून निदान होते. रंग प्रायमरपासून सुटला असता, तर दोष वरच्या थरांत शोधावा लागला असता. येथे सगळे थर एकत्र राहून प्लॅस्टिकपासून वेगळे झाले आहेत. म्हणजे रंग चांगला होता, हार्डनरही बरोबर होता. जे काम डोळ्यांना दिसत नाही, तेच राहून गेले होते.

अळवाच्या पानाचा स्वभाव

एके काळी बंपर म्हणजे लोखंडी पट्टी आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा, असेच समीकरण होते. अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींचे चकाकते बंपर अनेकांच्या स्मरणात असतील. युरोपात १९७२ साली आलेल्या रेनो ५ या छोट्या मोटारीने प्लॅस्टिकच्या बंपरची वाट रुंद केली. हलके वजन, गंज नाही आणि किरकोळ धक्का सोसण्याची लवचीकता, या तीन गुणांमुळे पुढे सर्वत्र प्लॅस्टिकच आले. मोटारीच्या अंगाच्याच रंगाचा बंपर ही आज नित्याची गोष्ट झाली आहे.

हे प्लॅस्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन असते. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाता यांनी १९५४ साली या पदार्थाचे व्यवस्थित रचनेचे रेणू तयार केले. त्या संशोधनासाठी त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल झिगलर यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बंपरसाठी या पॉलिप्रॉपिलीनमध्ये ईपीडीएम नावाचे रबर मिसळतात, म्हणजे धक्क्याने ते तडकत नाही. त्यात टाल्क नावाच्या मऊ खनिजाची भुकटीही घालतात, म्हणजे उष्णतेने त्याचा आकार बदलत नाही.

या पदार्थाचा एक स्वभाव मात्र रंगाऱ्याच्या मुळावर येतो. पॉलिप्रॉपिलीन हे कार्बन आणि हायड्रोजन यांचेच बनलेले आहे. मेणही त्याच घडणीचे. त्याच्या पृष्ठभागाला दुसऱ्या कोणत्याही पदार्थाची ओढ नसते. अळवाच्या पानावर पाणी टाकले तर ते पसरत नाही, गोळी होऊन घरंगळते. पानाचा मेणचटपणा आणि त्याची सूक्ष्म घडण ही त्याची कारणे. पॉलिप्रॉपिलीनवर रंगाची अवस्था तितकी टोकाची होत नाही, पण जात तीच. फवारलेला रंग वरून एकसारखा बसल्यासारखा दिसतो, वाळतो, चकाकतोही. तो फक्त टेकलेला असतो, धरलेला नसतो. मग एखादा खडा लागून छिद्र पडते, त्यातून पाणी आत शिरते आणि गाडी धुण्याच्या पंपाचा फवारा त्या कडेवर आला की पापुद्रा उठतो. बॉनेटच्या पत्र्यावर तोच रंग टिकतो, कारण पत्रा रंगाला धरतो. म्हणून रंगविक्रेत्याचे उत्तर खरे असूनही उपयोगाचे नव्हते.

कारखान्यात ही अडचण निराळ्या मार्गाने सोडवतात. बंपरवरून वायूची ज्वाला क्षणभर फिरवतात. तिच्या उष्णतेने पृष्ठभागावर प्राणवायू जोडला जातो आणि रंगाला पकड मिळते. काही ठिकाणी हेच काम प्लाझ्माने होते, तर काही ठिकाणी खास प्रायमरने. मोटारीच्या पत्र्याचा रंग कारखान्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. म्हणून बंपर वेगळ्या ठिकाणी, सुमारे ८० अंशांवर भाजून रंगवावे लागतात. नव्या कोऱ्या मोटारीतही बंपर आणि पत्रा यांच्या छटेत कधी कधी किंचित फरक दिसतो, त्यामागे हेही एक कारण असते.

दुकानात सुटा मिळणारा काळा, कोरा बंपर यांपैकी कोणत्याही संस्कारातून गेलेला नसतो. तो साच्यातून निघून थेट पिशवीत आलेला असतो. ही गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक असते. घेणाऱ्याला बहुधा नसते.

पाठीवरची अक्षरे

प्रत्येक प्लॅस्टिक सारखे नसते. बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, तर आरशाचे कव्हर किंवा पुढची जाळी बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असते. एबीएसला रंग सहज धरतो. त्याची अडचण उलट आहे. तीव्र थिनर त्याच्यावर ओतला, तर पृष्ठभाग खाल्ला जातो आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून एकाला जी तयारी हवी, ती दुसऱ्याला घातक ठरू शकते.

ओळख पटविण्याचा सोपा मार्ग भागाच्या पाठीवर असतो. आतल्या बाजूला साच्यातच उमटलेली इंग्रजी अक्षरे असतात. ‘पीपी + ईपीडीएम – टी २०’ असे लिहिलेले असले, की पॉलिप्रॉपिलीन, त्यात रबर आणि २० टक्के टाल्क, असा त्याचा अर्थ होतो. ‘एबीएस’ असेल, तर तेवढीच तीन अक्षरे दिसतात.

गॅरेजांमध्ये एक जुनी युक्ती प्रचलित आहे. प्लॅस्टिकचा तुकडा पाण्यात टाकावा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर दुसरे काही. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने ते तरंगते, हे खरे आहे. पण २० टक्के टाल्क मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा किंचित जड होते आणि बुडते. म्हणजे ज्या बंपरला सर्वाधिक काळजी हवी, त्यालाच ही युक्ती चुकीचे प्रमाणपत्र देते. अक्षरे वाचणे हाच विश्वासाचा मार्ग आहे.

तयारीचा क्रम

साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून साच्याला मेणासारखा किंवा सिलिकॉनचा पदार्थ लावतात. त्याचा अंश भागावर उरतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. म्हणून पहिले काम धुण्याचे. कोमट पाणी, भांडी घासण्याचे साधे द्रवरूप साबण आणि राखाडी रंगाचा घासण्याचा पॅड घेऊन कडा, खाचा आणि जाळीचे कोपरे यांसह सर्व भाग घासावा. नंतर भरपूर पाण्याने धुऊन वाळवावा. शेवटचे पाणी ओतताना ते सलग पसरते की थेंबाथेंबांत तुटते, हे पाहावे. जेथे ते चटकन तुटते, तेथे मेणाचा अंश राहिला आहे असे समजून पुन्हा धुवावे.

दुसरे काम तापविण्याचे. हे सर्वांत जास्त वेळा टाळले जाते. भाग सुमारे ६० अंशांवर अर्धा ते एक तास ठेवला, की आत मुरलेला मेणाचा अंश आणि ओलावा बाहेर येतो. ज्याच्याकडे भट्टी नाही, त्याने निदान कडक उन्हात काळा बंपर चांगला तापू द्यावा. मात्र त्याला खाली सर्वत्र आधार असावा, नाहीतर मऊ पडून तो वाकतो. थंड झाल्यावर प्लॅस्टिकसाठी मिळणाऱ्या क्लीनरने पुसावे. एका हातात क्लीनरचे ओले फडके आणि दुसऱ्या हातात कोरडे फडके असावे. ओल्याने सुटलेली घाण वाळण्याआधी कोरड्याने उचलावी. एकाच फडक्याने गोल गोल पुसले, तर मेण निघत नाही, सर्वत्र सारखे पसरते.

या ठिकाणी पेट्रोल किंवा डिझेल वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती सोडावी. दोन्हींचा तेलकट अंश मागे राहतो, आणि पेट्रोलची वाफ बंद जागेत पेट घेते. कोरड्या फडक्याने जोरात घासण्याचाही तोटा आहे. घर्षणाने प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि हवेतील धूळ त्याच्याकडे ओढली जाते. मग मिस्त्री धुळीला दोष देतो.

तिसरे काम घासण्याचे. ४०० ते ५०० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा बारीक पॅडने चकाकी जाईपर्यंतच घासावे. ‘जितके खरखरीत तितकी पकड’ हा पत्र्याचा नियम येथे लागू पडत नाही. जाड पेपरने पॉलिप्रॉपिलीनला बारीक केस फुटतात आणि ते रंगातून वर डोकावतात. घासून झाल्यावर पुन्हा क्लीनरने पुसावे.

चौथे काम या सगळ्याचा गाभा आहे. प्लॅस्टिकसाठी मिळणारा ॲडहेजन प्रमोटर, ज्याला गॅरेजमध्ये ‘प्लॅस्टिक प्रायमर’ असेही म्हणतात, त्याचे एक-दोन पातळ हात मारावेत. यात बहुधा क्लोरिन जोडलेले पॉलिओलेफिन असते. त्याच्या रेणूचा एक भाग पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचा असल्याने तो खालच्या प्लॅस्टिकशी जुळतो आणि दुसरा भाग वरच्या रंगाशी. दोन अनोळखी घरांना जोडणारा हा मध्यस्थ आहे. याची जाडी अवघी काही मायक्रॉन असते. जाड मारला, तर हाच थर मऊ राहून कमकुवत होतो. तो घासायचा नसतो. डब्यावर दिलेल्या वेळेत त्याच्यावर पुढचा थर पडला पाहिजे. आज प्रमोटर मारून ‘उद्या बघू’ म्हटले, तर त्याचा उपयोग संपलेला असतो.

यानंतरचे काम मिस्त्रीच्या सवयीचे आहे. हार्डनरचा प्रायमर, तो वाळल्यावर ८०० नंबरच्या वॉटर पेपरने घासणे, बेस कोटचे दोन-तीन हात आणि वर क्लिअर कोटचे दोन हात. लवचीक भागासाठी कंपनीने सांगितले असेल, तर प्रायमरमध्ये आणि क्लिअर कोटमध्ये लवचीकपणा आणणारे द्रव्य मिसळावे. एनसी जातीचा जुना, झटपट वाळणारा रंग बंपरवर वापरू नये. तो ठिसूळ असतो आणि बंपर वाकला की तडकतो. पावसाळ्यात आणखी एक दक्षता हवी. हार्डनर हवेतील ओलाव्याशी संयोग पावतो, त्यातून वायू सुटतो आणि थरात बुडबुडे राहतात. संततधार पावसात उघड्या शेडमध्ये केलेले काम एक दिवस पुढे ढकलले, तर नुकसान कमी होते.

हे सर्व थर एकावर एक धरले, तरी त्यांची जाडी साधारण वहीच्या एका पानाएवढी भरते. या पानातील सर्वांत पातळ आणि सर्वांत स्वस्त थरावर बाकीच्या सगळ्यांचे भवितव्य अवलंबून असते.

खात्री करण्याच्या रीती

काही सुटे बंपर आधीच प्रायमर मारलेले येतात. त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आतल्या कडेला थिनरचे ओले फडके थोडा वेळ दाबून घासावे. प्रायमर विरघळून फडक्यावर आला, तर तो केवळ वाहतुकीपुरता मारलेला आहे. तो काढूनच काम सुरू करावे. टिकून राहिला, तर बारीक पेपरने घासून पुढे जाण्यास हरकत नाही.

पूर्ण झालेल्या कामाची पकड तपासण्यासाठी जगभर एक साधी चाचणी मान्य आहे. तिचा आंतरराष्ट्रीय क्रमांक आयएसओ २४०९ असा आहे. धारदार पात्याने सहा रेषा उभ्या आणि सहा आडव्या कापतात. त्यातून २५ चौकोन होतात. त्यावर चिकटपट्टी दाबून ओढतात. एकही चौकोन निघाला नाही, तर श्रेणी शून्य, म्हणजे उत्तम. जितके चौकोन निघतात तितकी श्रेणी वाढते आणि पाचपर्यंत जाते. ग्राहकाच्या बंपरच्या दर्शनी भागावर हे करता येत नाही. पण आतल्या कडेच्या एका छोट्या जागेवर तीच तयारी करून, तेच थर मारून, पूर्ण वाळल्यावर ही चाचणी घेतली, तर मिस्त्रीला स्वतःच्या हाताची खात्री पटते.

अलीकडच्या मोटारींमध्ये आणखी एका बाबीचा विचार करावा लागतो. मागच्या बंपरमधील पार्किंग सेन्सर ध्वनिलहरींवर चालतात. त्यांच्या तोंडावर रंगाचा जाड थर बसला, तर ते चुकीची सूचना देतात किंवा गप्प होतात. काही मोटारींच्या बंपरमागे रडार असते. त्याच्या समोरच्या भागात लांबी भरली किंवा धातूचे कण असलेल्या रंगाचे थर वाढविले, तर रडारच्या लहरींना अडथळा होतो. अशा जागी किती थर चालतात, याविषयी मोटार कंपनीने मर्यादा ठरविलेल्या असतात. तेथे जुन्या रंगावर नवा रंग चढवीत जाणे म्हणजे ब्रेक लावण्यास मदत करणाऱ्या यंत्रणेच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे होय.

मिस्त्रीचा श्वास

आतापर्यंत ग्राहकाच्या पैशांचा विचार झाला. या व्यवहारात आणखी एकाचे नुकसान होऊ शकते आणि ते पाच महिन्यांत दिसत नाही.

प्रायमरमधील आणि क्लिअर कोटमधील हार्डनर आयसोसायनेट या वर्गातील रसायनांचा असतो. जर्मनीत १९३७ साली ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत या रसायनांपासून पॉलियुरेथेन तयार झाले आणि आजचे टिकाऊ, चमकदार रंग त्यातूनच पुढे आले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतील वायूच्या नावातही आयसोसायनेट हा शब्द होता. रंगातील हार्डनर ते रसायन नव्हे आणि त्याचा धोकाही तशा प्रकारचा नाही. तथापि तो धोका खरा आहे. फवारणीत उडणारे बारीक तुषार श्वासातून आत जातात आणि काही जणांच्या शरीराला त्या रसायनाचे वावडे जडते. एकदा ते जडले, की पुढे अत्यल्प संपर्कानेही छाती भरून येते आणि दमा लागतो. रंगाऱ्यांच्या व्यवसायजन्य दम्याचे हे जगभर ओळखले गेलेले कारण आहे. वावडे जडलेल्या माणसाला बहुधा ते काम कायमचे सोडावे लागते.

यात दोन गैरसमज आढळतात. ‘वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे’ हा पहिला. आयसोसायनेटचा वास नाकाला कळेपर्यंत सुरक्षित मर्यादा कधीच ओलांडलेली असते. ‘तोंडाला रुमाल बांधला आहे’ हा दुसरा. रुमालाने धूळ थोडीफार अडते. हे बारीक तुषार आणि वाफ अडत नाही. नळीने बाहेरची स्वच्छ हवा पुरविणारा मुखवटा हे यावरचे योग्य साधन आहे. तो नसेल, तर निदान सेंद्रिय वाफेसाठीचे आणि कणांसाठीचे फिल्टर असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क असावा आणि त्याचे फिल्टर वेळेवर बदलावेत. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडेही आवश्यक आहेत, कारण त्वचेवाटेही हे वावडे जडू शकते. फवारणी थांबल्यावर तुषार दिसेनासे होतात, पण हवेत काही काळ राहतात. मास्क लगेच काढू नये आणि चहा घेऊन येणाऱ्या पोराला त्या शेडमध्ये येऊ देऊ नये.

बंपर विकणारा दुकानदार यावर म्हणू शकतो की, हे मिस्त्रीचे काम आहे, त्याने पाहावे. तो मुलगाही अण्णांना असेच म्हणाला होता.

हिशोब कोणी करायचा

अण्णा पापुद्रा गल्ल्यावर ठेवतात आणि मिस्त्रीला विचारतात, “मिस्त्री, प्लॅस्टिक प्रायमर मारला होता का?”

मिस्त्री थोडा वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, “नाही अण्णा. आमच्याकडे कोणी मागत नाही. बंपर घासून सरळ प्रायमर मारतो. बरेचसे टिकतात.”

“बरेचसे टिकतात, हे तुम्हाला कळते. जे टिकत नाहीत, ते लोक दुसऱ्या गॅरेजला जातात. ते तुम्हाला कळत नाही.” मग अण्णा ग्राहकाकडे वळतात. “बंपर कोरा आहे, रंगाआधी त्याला वेगळी तयारी लागते, हे आम्ही विकताना सांगायला हवे होते. सांगितले नाही. चूक आमचीही आहे. सामान आमच्याकडून, मजुरी मिस्त्रींची. तुम्ही आणखी एक पैसाही द्यायचा नाही. चालेल ना, मिस्त्री?”

मिस्त्री मान डोलावतो. जुना रंग कसा काढायचा, याचीही चर्चा होते. रंग काढण्याचे जहाल द्रव्य प्लॅस्टिकला खाते, म्हणून ते वापरायचे नाही. सुटलेल्या कडेखाली कंप्रेसरच्या हवेचा झोत दिला, की न धरलेला बहुतेक रंग आपोआप उचलला जातो. उरलेला घासून काढायचा आणि पहिल्या धुण्यापासून सुरुवात करायची.

ग्राहक गेल्यावर मुलगा हिशोब मांडतो. प्रमोटर, प्रायमर, रंग, क्लिअर, पेपर. बंपरवर जेवढा नफा झाला होता, त्याहून हा खर्च अधिक भरतो. तो म्हणतो, “अण्णा, यात तर आपण तोट्यात गेलो.”

“गेलो,” अण्णा म्हणतात. “विकताना दोन वाक्ये बोललो असतो, तर गेलो नसतो. त्यांची किंमत आज भरली. पुढच्या वेळी बोलू.”

व्यापारात माल मोजून देणे आणि पावती देणे एवढ्याने व्यवहार कायद्यापुरता पूर्ण होतो. ग्राहकाच्या दृष्टीने तो वस्तू उपयोगी पडल्यावर पूर्ण होतो. या दोन क्षणांमध्ये जे अंतर आहे, ते विकणाऱ्याच्या ज्ञानाने आणि ते बोलून दाखविण्याच्या तयारीने भरून निघते. कोरा बंपर विकताना प्रमोटरचा डबा समोर ठेवला, तर ग्राहकाला दोन पैसे अधिक पडतात आणि तो क्षणभर नाराज होतो. शेजारचा दुकानदार तसे काही सांगत नाही, म्हणून त्याचा माल स्वस्त वाटतो. काही गिऱ्हाइके त्या पायी जातीलही. पण जे थांबतात, ते पुढच्या पिढीपर्यंत थांबतात. जुन्या पेढ्या याच हिशोबावर उभ्या राहिल्या आहेत.

त्या संध्याकाळी मुलगा एका कागदावर चार ओळी लिहितो आणि त्याच्या प्रती काढून आणतो. ‘हा भाग कोरा आहे. रंगाआधी साबणाने धुवावा, तापवावा, क्लीनरने पुसावा. पाठीवर पीपी लिहिले असेल, तर प्लॅस्टिक प्रायमर मारल्याशिवाय रंगवू नये. फवारणी करणाऱ्याने फिल्टरचा मास्क वापरावा.’ प्रत्येक कोऱ्या भागाच्या पावतीला ही चिठ्ठी जोडायची, असे ठरते. गल्ल्याच्या काचेत स्पार्क प्लगच्या शेजारी फिल्टरचे मास्क मांडले जातात. त्यांवर नफा घ्यायचा नाही, असे अण्णांनी सांगितले आहे.

काही आठवड्यांनी मिस्त्री दुसऱ्या गाडीसाठी बंपर न्यायला येतो. मुलगा पिशवीतून बंपर काढून त्याच्यापुढे धरतो. मिस्त्री रंगाची दर्शनी बाजू पाहत नाही. बंपर उलटा करतो, अंगठ्याने धूळ पुसतो आणि पाठीवरची अक्षरे वाचतो.

“पीपी आहे,” तो म्हणतो. “तो छोटा डबाही द्या. आणि मास्कचे दोन फिल्टर.”